गळती शून्य टक्के

महापे एमआयडीसी, तिसरा मजला.
खिडक्यांना आतून काळा कागद,
म्हणजे ऊन येऊन
आमच्या दिव्याच्या बोलण्यात तोंड घालणार नाही.

छताला एक एलईडी पॅनल, दोन बाय दोन,
वाशीच्या कुठल्याही दुकानात मिळतं तसंच.
फरक इतकाच की हे सेकंदाला काही कोटी वेळा
डोळा मिटतं, उघडतं,
आणि आपल्याला वाटतं, नुसतं जळतंय.
खाली टेबलावर नखाएवढा रिसीव्हर.
वरून फाईल पडते, खाली वेचली जाते.
वायर नाही, अँटेना नाही.
उजेड जिथवर, निरोप तिथवर.
भिंतीपलीकडे काही नाही,
दाराच्या फटीतून सांडेल तेवढंच.

माझं काम रात्रपाळीत बसून
किती पाकिटं निघाली, किती पोचली, मोजायचं.
(पाकिटंच म्हणतात त्यांना. आईला सांगितलं
तर म्हणाली, पोस्टात लागलीस का?)

पहिल्याच आठवड्यात आलेखाला खाच पडली.
नऊ चाळीसला दोन सेकंद. मग पुन्हा. मग पुन्हा.
मी ड्रायव्हर बदलला, लेन्स पुसली,
नाबर सरांना मेल टाकली:
अधूनमधून गळती, कारण अज्ञात.

कारण समोरच होतं, हातात मॉप घेऊन.
दमयंती मढवी, राहणार तळवली.
टेबल पुसायला वाकल्या
की त्यांचा अंबाडा दिव्याच्या आड येई
आणि अबोलीच्या वेणीएवढा डेटा
कुठेच पोचत नसे.

“यो दिवा काय बोलतंय?”
मी चाचणीचा फोटो पाठवत होते, पोपटाचा.
स्क्रीनवर वरून खाली उतरत होता तो.
त्यांनी पंजा आडवा धरला.
पोपट मानेशी थांबला.
पंजा काढला, पोपटाला पोट आलं.
पुन्हा धरला.
साठीची बाई,
आणि हसणं बेल वाजवून पळालेल्या पोरीचं.

तेव्हापासून मला वाचता येऊ लागलं.
तीन बारीक खाचा: खुर्च्या सरकवल्या.
लांब खाच: टेबलावर हात रोवून कंबर सरळ करतायत.
बारा दहाची रुंद खाच म्हणजे डबा,
आणि सुक्या बोंबलाचा वास,
ज्याची नोंद कुठल्याच यंत्रात नाही.

एकदा फीडर उडाला, दिवा मुका झाला,
आम्ही दोघी जिन्यात बसलो.
पायरीवर हात आपटून म्हणाल्या,
“इथं आमचा बांध व्हता.”
पत्ता सांगावा तशा आवाजात.
मग वीज आली, मॉप उचलला, गेल्या.

आणि एक रात्र, चौदा मिनिटं सलग काही नाही.
नातीचा फोन आला होता इस्पितळातून.
बोलणं संपल्यावर त्या तिथेच टेकल्या,
टेबलाच्या कडेला, नेमक्या दिव्याखाली,
फोन मांडीवर पालथा.
मी मोजणी थांबवली नाही.
उठा, असंही म्हटलं नाही.

मार्चअखेर कंत्राट बदललं.
नवी एजन्सी, निळे गणवेश,
आता फरशी दिवसा पुसतात, यंत्राने.
दमयंतीबाई कुठल्या इमारतीत गेल्या
ते गेटवरच्या वहीत नाही, मी पाहिलं.

रिपोर्ट: सलग बहात्तर रात्रीचे तास,
गळती शून्य टक्के.
नाबर सरांनी पेढे मागवले.
पुण्याहून ग्राहक आला, आलेखावरून बोट फिरवत गेला,
कुठेच अडलं नाही.
“सुंदर,” म्हणाला.

जुने लॉग नव्वद दिवसांनी पुसायचे, असा नियम आहे.
पुसले.
एक फाईल तेवढी पेनड्राइव्हवर घेतली,
चौदा मिनिटांची, जिच्यात काहीच नाही.
नाव काय द्यावं सुचेना,
म्हणून तारीख तशीच राहू दिली.